एक फुल, एक हाफ

माझ्या बायकोचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि भुतांचा एकही सिनेमा ती सोडत नसे. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "भूत नसतंय म्हणून तर बघायला मजा येती. खरंच असतं तर कोण बघितलं असतं?"

आमच्या बौद्ध घरात गंडे-दोरे, उतारे, अंगात येणं यांना माझ्या वडिलांच्या वेळेपासून थारा नाही. पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहारात जायची, खड्या आवाजात वंदना म्हणायची, आणि घरी आल्यावर मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून दुसरी एखादी पांढऱ्या साडीतली बाई भिंतीवरून चालताना बघायची. मी हिंगोलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. पुस्तकातलं भूत पान मिटलं की थांबतं, पडद्यावरचं थांबत नाही, म्हणून मला सिनेमे सोसत नाहीत. मी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन बसायचो आणि संगीत बदललं की चहा ठेवायला उठायचो.

"अवो, बसा की. काहून उठलात?"

"चहा ठेवतो."

"आत्ता तर झाला. भुतासाठीबी ठेवा मंग एक कप."

एका सिनेमात तीन-तीन वेळा चहा झालेला मला आठवतो.

आम्ही शेवटचा बघायला घेतला तो सिनेमा दक्षिणेतला, हिंदीत आणलेला होता. डोंगरावर जाणारा रोपवेचा पाळणा मध्येच थांबतो. खाली दरी, आत सहा अनोळखी माणसं. पाळणा सोडणाऱ्याच्या वहीत मात्र पाचच माणसं चढल्याची नोंद. नवं लग्न झालेलं एक जोडपं, एक डॉक्टरीण, एक फुगे विकणारी, सगळ्यांना बाटलीतलं पाणी देणारा एक माणूस आणि कोपऱ्यात पुस्तक वाचत बसलेला एक. या सहांतलं वहीत नसलेलं कोण, एवढाच प्रश्न.

"यातलं एक बाहेरचं हाय," बायकोनं जाहीर केलं.

आमच्याकडे कोणी उगाच आजारी पडलं, औषध लागू पडेना, की लोक आवाज खाली आणून म्हणतात, बाहेरचं काही असेल. भूत हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. तिला त्या शब्दाची भारी गंमत वाटायची. "चारी बाजूनं बंद केलंय," ती खुशीत म्हणाली, "अन् आतच बसलंय बाहेरचं!"

मी फुगेवालीचं नाव घेतलं. रोपवेच्या पाळण्यात फुगे विकायला कोण चढतं, हा माझा मुद्दा होता.

"न्हाई. तो पुस्तकवाला," ती म्हणाली. "बाकीचे जीव तोडून ओरडून राहिलेत, अन् हा पान उलटून राहिला. जिवंत माणूस असं करतो का?"

असं म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर पुस्तक होतं.

मग पैज लागली. पैजेचं असं, की लग्न झाल्यापासून मी तिचा एक शब्द दुरुस्त करत आलो होतो. ती वसमतची. तिकडच्या सगळ्यांसारखी 'बराबर' म्हणायची. "मीठ बराबर हाय का?" "बरोबर आहे." "तेच की, बराबर." पस्तीस वर्षांत ना ती बदलली, ना मी थकलो. तेव्हा तिचं खरं निघालं तर मी चारचौघांत म्हणायचं, "तुझं बराबर." "रा म्हणायचं, रो न्हाई," तिनं बजावलं. "अन् समद्यांना ऐकू आलं पाहिजे." माझं खरं निघालं तर ती पुढचे सहा महिने शुद्ध बोलणार होती. यात तिचा तोटा जास्त होता, पण तिला खात्री होती.

एक तास चार मिनिटांवर पाळण्यातला दिवा गेला आणि मी चहाला उठलो. "या तुमी, थांबते मी," म्हणून तिनं सिनेमा थांबवला. चहा झाला, तेवढ्यात शेजारच्या बाई येऊन बसल्या, आणि सिनेमा राहिला. त्याच आठवड्यात तिचं पोट दुखायला लागलं. मग नांदेडचं हॉस्पिटल. तिथं मी तिच्या खाटेशेजारी पुस्तक घेऊन बसायचो. एका दुपारी तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि हसली. "जिवंत माणूस असं करतो का?" मग म्हणाली, "मी बघितला पुढचा. कळलं मला बाहेरचं कोण हाय ते. पण सांगणार न्हाई."

दोन महिन्यांत ती गेली. भाद्रपद होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मी तिचा मोबाइल उघडला. तो सिनेमा तसाच होता. किती बघून झालं हे दाखवणारी एक लाल रेघ खाली असते. ती एक तास चार मिनिटांवर उभी होती. तिनं पुढचं काही बघितलं नव्हतं. मी चहा करून येईपर्यंत थांबते म्हणाली होती, ती थांबली होती.

मी तो सिनेमा लावला नाही. भुताची भीती आता राहिली नव्हती. पण मी लावला असता तर ती रेघ पुढे सरकली असती, आणि ती जिथं थांबली होती ती जागा गेली असती. मी रोज तो मोबाइल चार्ज करायचो, रेघ जागेवर आहे हे बघायचो आणि खिशात ठेवायचो.

फाल्गुनात मेहुणीचा वसमतहून फोन आला. वर्षाची हळद आम्ही दरसाल तिच्याकडून आणतो. "दाजी, या वर्षी न्हाई आलात तर पुढच्या वर्षीबी यायचे न्हाई तुमी," ती म्हणाली. मी गेलो. जेवलो. तिनं हळद दळून पिशवीत बांधून दिली आणि मी दुपारच्या बसनं परत निघालो. वसमतच्या स्टँडवर लोक दारापर्यंत भरले होते. कंडक्टर माणसांमधून वाट काढत आला, मी हिंगोलीचं तिकीट मागितलं, त्यानं मशिनमधून चिठ्ठी फाडून दिली आणि मी ती न बघता खिशात घातली. एवढंच मला आठवत होतं.

मी सीटच्या मधल्या वाटेकडच्या बाजूला बसलो होतो. वाटेत औंढ्याला खिडकीजवळचे गृहस्थ उतरले, तरी मी तिथंच राहिलो. का, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. बरीच गर्दी तिथंच उतरली आणि कॉलेजची एक मुलगी चढली.

"काका, सरकता का?"

मी सरकलो नाही, पाय वळवून तिला खिडकीकडे जाऊ दिलं.

औंढा सोडून सात-आठ किलोमीटर झाले असतील, पुढून फटकन आवाज झाला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. इंजिनाचा पट्टा तुटला होता. दाराशी एका आजीचं हळकुंडांचं पोतं उभं होतं. ते ब्रेकसरशी आडवं झालं आणि घडीच्या दारात असं जाऊन बसलं की दार ना उघडे, ना मिटे. ड्रायव्हर आपल्या बाजूच्या छोट्या दारानं उतरला आणि औंढ्याकडे जाणाऱ्या एका मोटारसायकलवर बसून गेला. आम्ही आत.

"आजी, काय भरलंय पोत्यात? दगडं?" मांडीवर नव्या पंख्याचं खोकं घेऊन बसलेले एक गृहस्थ म्हणाले.

"हळद हाय. तुज्या हळदीला न्हेली असती, पर तुजं वय गेलं."

बस हसली. अनोळखी माणसं एकदा मिळून हसली की मग ती तितकीशी अनोळखी राहत नाहीत.

शेजारच्या मुलीचा फोन बंद पडला होता. घरी उशीर होणार म्हणून कळवायचं होतं. माझ्या फोनला रेंज नव्हती, म्हणून मी बायकोचा दिला. ती बोलली, परत देताना तिचं बोट कुठंतरी लागलं आणि तो सिनेमा पडद्यावर आला.

"काका, हा तुम्ही अर्धाच बघितला? अहो, पुढंच तर खरी मजा आहे म्हणतात. लावू?"

"नको," मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन. तिनं फोन माझ्या हातात ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तेवढ्यात कंडक्टर उठला. मागची गाडी तासाभरात येणार होती, तिच्यात आम्हाला बसवायचं होतं, आणि त्याआधी माणसं मोजायची होती. त्यानं एकेक डोकं बोटानं मोजलं. मशिन बघितलं. परत मोजलं.

"हिंगोलीची तिकिटं पंधरा," तो म्हणाला. "माणसं चौदा."

"मला धरलं का?" पंखेवाले म्हणाले.

"धरलं."

"मंग पंख्याला धरा."

कंडक्टरला हसू आलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता. "औंढ्याला कोणी चहाला उतरलं अन् राहिलं तर न्हाई? काहो? कोणाच्या संगं कोणी होतं का?" प्रत्येकानं आपल्या आजूबाजूला बघितलं. कोणाचं कोणी हरवलं नव्हतं. तो म्हणाला, "हे जुळल्याबिगर मी एकालाबी उतरू देणार न्हाई. कोणाचं लेकरू राहिलं असलं तिकडं तर?"

"गाडीत बाहेरचं हाय काहीतरी," आजी हळूच म्हणाली. "एक तिकीट काढून बसलंय, अन् दिसत न्हाई."

"भुताला तिकीट लागतं का, आजी?"

"काहून न्हाई लागत? आपल्याला लागतंय की."

आता लोक अर्धे हसत होते आणि अर्धे मागची रिकामी बाकडी बघत होते. मला बायकोची फार आठवण झाली. चारी बाजूंनी बंद, आत अनोळखी माणसं, नोंद जुळत नाही. तिनं या एका तासासाठी काय दिलं नसतं.

"तिकिटं काढा बरं हातात," कंडक्टर म्हणाला आणि पुढून एकेक तपासत आला. मुलीचं बघितलं. मी खिशातली चिठ्ठी काढून दिली. त्यानं ती उलगडली आणि वाचत राहिला.

"फुल एक, महिला हाफ एक." त्यानं माझ्याकडे बघितलं. "सर, तुमच्या संगं बाई कोण? ही पोरगी?"

"माझं माझं तिकीट आहे," मुलगी म्हणाली.

"मंग त्या कुठं हायेत? औंढ्याला राहिल्या का?"

मला वसमतचा स्टँड आठवला, कंडक्टरचा घामेजलेला हात आठवला आणि माझं स्वतःचं वाक्य ऐकू आलं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आम्ही जिथं जायचो तिथं मी हेच वाक्य बोलायचो, आणि ती शेजारून म्हणायची, हाफ तिकीट असलं तरी जागा आख्खी घेणार, खिडकीची.

"राहिली नाही," मी म्हणालो. "ती आलीच नाही. माझी बायको. गेल्या भाद्रपदात गेली ती. तुम्ही गर्दीत आलात, आणि मी सवयीनं म्हणालो, एक फुल, एक हाफ. तुमच्या लक्षात यायचं कारण नव्हतं, तिथं एक बाई उभ्या होत्या. चूक माझी आहे."

मी आयुष्यात एवढ्या अनोळखी माणसांसमोर एवढं बोललो नव्हतो. पंखेवाल्यांनी डोक्यावरची टोपी काढून खोक्यावर ठेवली आणि मग ती तिथं बरी दिसेना म्हणून परत घातली.

कंडक्टरनं मशिनवरचा आकडा परत एकदा बघितला. "म्हंजे औंढ्याला कोणी राहिलं न्हाई," तो म्हणाला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. मग चिठ्ठी परत देत म्हणाला, "असू द्या सर. तिकीट हाय म्हंजे पॅसेंजर हाय."

"उठ गं पोरी," आजी पुढून म्हणाली. "बाईची जागा हाय ती."

मुलगी खरंच उठली. आपली सॅक उचलली, ओढणीनं सीट झटकली आणि समोरच्या बाकावर उलटी, गुडघ्यांवर बसली. मला म्हणावंसं वाटलं, बस गं, असं काही नसतं. पण बायकोनं मला ते म्हणू दिलं नसतं. खिडकीची जागा मिळत असताना तत्त्वाची गोष्ट काढणारी ती नव्हती.

"आजी, तुमचं बाहेरचं निघालं बघा शेवटी," पंखेवाले म्हणाले.

"बाहेरचं कशाचं? घरचं हाय ते," आजी म्हणाली.

मुलगी माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. "काका, हा फोन काकूंचा आहे का? सिनेमा त्या बघत होत्या?"

मग मी त्यांना सांगितलं. रेघेचं सांगितलं, चहाचं सांगितलं, पैजेचंही सांगितलं. पैजेवर लगेच दोन तट पडले. पंखेवाले फुगेवालीच्या बाजूनं गेले. कंडक्टरला पाणी देणाऱ्याचा संशय आला, कारण त्याच्या अनुभवात बसमध्ये आपणहून कोणी कोणाला पाणी देत नाही.

"लावा की मंग," आजी म्हणाली.

"ती एवढ्यावरच थांबली आहे, आजी. मी एकट्यानं पुढं कसं जायचं?"

"एकटे कशानं? ती बसली की खिडकीला. बघू द्या तिलाबी. किती दिस झाले बिचारी थांबून राहिली."

तिनं हे इतक्या साधेपणानं म्हटलं की मी फोन मुलीच्या हातात दिला. कंडक्टरनं पंख्याचं खोकं मागून घेतलं, सीटच्या पाठीवर आडवं धरलं, मुलीनं फोन त्याला टेकवला. पण बटण तिनं दाबलं नाही. सगळे माझ्याकडे बघत थांबले. मी दाबलं. रेघ हलली. एक तास चार मिनिटं, एक तास पाच.

पाळण्यात अंधार होता. कोणीतरी दार उघडू बघत होतं आणि आतूनच कोणीतरी ते ओढून धरत होतं. संगीत बदललं आणि माझे पाय सवयीनं उठायला लागले. पण उठून जाणार कुठं? बसमध्ये स्वयंपाकघर नव्हतं. मी बसून राहिलो. पंखेवाल्यांनी डोळे घट्ट मिटले होते आणि दर मिनिटाला विचारत होते, "गेलं का? गेलं का?"

"अजून हाय," आजी सांगायची. "तुमच्याकडंच बघून राहिलंय."

मध्येच ड्रायव्हर परत आला. त्यानं बाहेरून ओढून पोतं मोकळं केलं, दार खाडकन उघडलं, ऊन आत आलं. एकही माणूस उठला नाही. "दार लावा, अंधार पायजे!" कोणीतरी मागून ओरडलं. ड्रायव्हर पायरीवर उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. एवढ्या वेळात आम्हाला काय झालं, हे त्याला कळेना.

शेवटी पाळण्यात उजेड आला. पुस्तकवाल्याच्या हातातलं पुस्तक खाली पडलं आणि त्याची पानं एकामागून एक उलटत गेली. सगळी कोरी होती. त्यानं एक ओळ वाचलेली नव्हती. तो नुसता दाराशी बसून होता, घाबरलेल्या माणसांनी दरीवर दार उघडू नये म्हणून. दोर दुरुस्त झाला, पाळणा वर पोचला, पाच माणसं उतरली. फुगेवाली जाताना मागं वळली आणि तिनं त्याच्या कोपऱ्यात एक फुगा बांधून ठेवला.

नांदेडला मी खाटेशेजारी महिनाभर एकच पुस्तक घेऊन बसलो होतो. ते कोणतं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"ह्या!" पंखेवाले डोळे उघडून म्हणाले. "भूत चांगलंच निघालं, तर मी कशाला डोळे मिटले?"

"काकू जिंकल्या," मुलगी म्हणाली. "काका, आता म्हणा. चारचौघांत म्हणायचं ठरलं होतं ना?"

चारचौघांपेक्षा पुष्कळ जास्त होते. मी घसा साफ केला, आणि तेवढ्यात मागच्या गाडीचा हॉर्न वाजला. सगळे पिशव्या शोधायला लागले. दोघांनी आजीचं पोतं उचललं. पंखेवाल्यांनी खोकं छातीशी धरलं. कंडक्टर दाराखाली उभा राहून एकेकाला उतरवून घेत मोठ्यानं मोजत होता, म्हणजे दुसऱ्या कंडक्टरला ऐकू जावं. मी हळदीची पिशवी घेऊन सगळ्यांत शेवटी उतरलो.

"चौदा," तो म्हणाला.

पण हात खाली घेतला नाही. माझ्यामागच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघत तो थोडा थांबला. साडी सावरत कोणी सावकाश उतरत असेल तर जेवढं थांबावं लागतं, तेवढाच.

"पंधरा," तो म्हणाला. "बराबर."

"तुझं बराबर," मी म्हणालो. रा स्पष्ट आला. रस्त्याच्या पलीकडेही ऐकू गेला असेल.

कंडक्टर दचकला. इतका वेळ अहो-जाहो करणारा माणूस एकदम अरे-तुरेवर कसा आला, असा त्याचा चेहरा झाला.

"तुला न्हाई म्हनले ते," आजीनं दुसऱ्या बसच्या खिडकीतून त्याला सांगितलं, आणि मला हाक मारली, "या हिकडं, दोघांची जागा धरलीय."